निळा हत्ती, सोमवारी

आमच्या मुलीचं नाव राजनंदिनी. हे नाव माझ्या आईनं ठेवलं, तेव्हा मुलीचं वजन नावापेक्षा थोडंच जास्त असेल. घरात तिला नंदू म्हणतात. नंदू अडीच वर्षांची असताना आमच्या घरातली एकुलती एक यशस्वी योजना कोसळली.

योजना म्हणजे नंदूचं शी-शूचं वळण. ते लावलं तिच्या आईनं, सुलेखानं. उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानातून तिनं प्लास्टिकचा एक निळा हत्ती आणला. त्याच्या पाठीत भोक, खाली काढता येणारं भांडं आणि धरायला दोन कान. सुलेखा जनावरांची डॉक्टर आहे. तिची पद्धत दवाखान्यातलीच होती. वेळ एकच, जागा एकच, आवाज चढवायचा नाही, घाई तर अजिबात नाही. "जनावराला आणि लेकराला आपली घाई आधी कळते," असं ती म्हणायची. मी राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या विषयात घाई झाल्याचं एकही उदाहरण नसल्यामुळे मी गप्प बसायचो.

हिवाळा संपेपर्यंत नंदू तयार झाली. सकाळी उठली की स्वतः हत्तीकडे जायची, कान धरून बसायची, काम उरकलं की उठून मागं वळून बघायची आणि हत्तीच्या डोक्यावर थाप मारून म्हणायची, "शाब्बास." श्रेय हत्तीला. आमच्या महाविद्यालयात एवढा नम्र माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग सुलेखाची ऑर्डर आली. परीक्षा, निकाल, निकालावर स्थगिती, पुन्हा निकाल, असं सगळं होऊन शेवटी पशुधन विकास अधिकारी म्हणून नेमणूक. दवाखाना कन्नडच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी. मी स्वतः तासिका तत्त्वावर प्राध्यापक आहे. म्हणजे तास झाला तर प्राध्यापक, नाही झाला तर गृहस्थ. त्यामुळे आमच्या घरात कायम नावाची गोष्ट प्रथमच आली, आणि ती येताना सुलेखाला घेऊन गेली.

पडेगावात आमच्या बिल्डिंगसमोरूनच कन्नडच्या गाड्या जातात. रोज जाऊन-येऊन करायचा विचार आम्ही करून पाहिला. पण गाई एसटीचं वेळापत्रक बघून वीत नाहीत. सुलेखानं तिकडं एक खोली घेतली. शनिवारी दुपारी यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचं.

पहिल्या सोमवारी नंदू तिच्या गळ्याला चिकटली ती चिकटलीच. मी एकेक बोट सोडवलं. सुलेखा गाडीत रडली असं तिनं नंतर सांगितलं. नंदू दुपारपर्यंत रडली, हे तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत कुणाला सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी आईनं बैठक घेतली. आई म्हणजे भागूबाई, वैजापूरकडची, सगळा जन्म शेतात काढलेली. तीन मजले चढल्यावर "ह्या पायऱ्या कोणी काढल्या, त्याला चढायला लावा," म्हणणारी.

"लेकराच्या डोळ्यांदेखत निघायचं नसतं," ती म्हणाली. "ध्यान नसलं की सटकायचं. मी काय करत होते? ह्याला कोंबड्या दाखवायचे अन् शेतात निघून जायचे."

"मग मी रडायचो नाही?"

"तू कोंबड्यांना दगडं मारायचा."

इथं तिसऱ्या मजल्यावर कोंबड्या नव्हत्या. पण हत्ती होता. मीच सुचवलं, आणि हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्यावेळी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. नंदू पहाटे उठते. उठली की हत्ती. हत्ती बाथरूममध्ये. बाथरूमला दार. म्हणजे आई निघायची वेळ आणि नंदू बसायची वेळ एक केली की झालं.

तेव्हापासून दर सोमवारी असंच व्हायचं. मी नंदूला हत्तीवर बसवायचो, दार लावायचो, पालथ्या बादलीवर बसायचो आणि मोठ्या आवाजात हत्तीची गोष्ट सांगायचो. "मग हत्ती जंगलात गेला. मग त्याला कोण भेटलं? मग हत्ती काय म्हणाला?" दाराबाहेर सुलेखा पिशवी उचलायची, चपला हातात घ्यायची, कडी काढायची. ती कडी हळूच काढायची, पण आमच्या कडीला हळू येत नाही. कडी वाजायच्या वेळी हत्तीनं जोरात काहीतरी बोललंच पाहिजे, एवढं मी सांभाळायचो. आम्ही बाहेर यायचो तोवर आई दुधाचा कप घेऊन उभी.

"आई?" नंदू विचारायची.

"दवाखान्यात गेली. हम्माकडे. दूध पी."

नंदू दूध प्यायची. रडायची नाही. बिनबोभाट काम. मी दोन-तीन सहकाऱ्यांना सांगितलंसुद्धा.

फक्त एक किरकोळ बाब होती. त्या सगळ्या सोमवारी माझी बायको मला जाताना दिसली नाही. ऐकू आली. बादलीवर बसून हत्तीला बोलतं ठेवताना माझा एक कान दाराकडे असायचा. पिशवीची चेन. कडी. जिन्यात अनवाणी पावलं, मग खालच्या मजल्यावर थांबून चपला घातल्याचा आवाज. थोड्या वेळानं रस्त्यावर गाडी थांबल्याचा, मग गिअर टाकल्याचा. "मग हत्ती काय म्हणाला?" असं मी विचारायचो, आणि पुढचं काही सुचायचं नाही. हत्ती बराच वेळ काहीच म्हणायचा नाही.

उन्हाळा लागला आणि पहिलं डबकं हॉलमध्ये दिसलं.

एखाद्या वेळी होतं, म्हणून आम्ही पुसून टाकलं. मग सोफा. मग आईची गादी. मग नंदू पडद्यामागं जाऊन पाय आवळून उभी राहायला लागली. तोंड लाल, मुठी वळलेल्या. हत्ती समोर आणला की अंग ताठ. कंबरेत वाकायचीच नाही. उभ्या मुलीला बसवणं हे उभ्या खांबाला बसवण्यासारखं आहे, हे मला तेव्हा कळलं. शेवटी शी करणंच तिनं बंद केलं. सोमवारी आता मी तिला नुसतं बाथरूममध्ये कडेवर घेऊन उभा राहायचो, हत्ती खाली रिकामा, आणि गोष्ट मात्र चालू.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी बिल्डिंगमध्ये लोक एकमेकांशी प्रेमानं बोलतात. बाकीच्या दिवसांत भिजलेली गादी धुवायला काढणं म्हणजे शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येणं. समोरच्या फ्लॅटमधले काकासाहेब, एसटीतून निवृत्त झालेले, रोज दारात उभे.

"काय सर, आज काय निकाल?"

"नाही अजून."

"मोजणी चालू आहे म्हणा."

मीही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. मोबाईलवर तज्ज्ञ बायकांचे व्हिडिओ बघितले. त्या सगळ्या शांत होत्या आणि त्यांच्यामागच्या भिंती पांढऱ्या होत्या. एकीनं सांगितलं, प्रत्येक वेळी बसल्यावर एक चांदणी चिकटवा. मी चांदण्या आणल्या. नंदूनं त्या सगळ्या एका बैठकीत हत्तीच्या डोळ्यांवर चिकटवल्या. आंधळ्या हत्तीला घेऊन ती खूश होती. बसली मात्र नाही. दुसरीनं सांगितलं, मुलाशी मोकळेपणानं बोला. मी मोकळेपणानं बोललो. तास भरला तसं वाटलं. नंदूनं मध्येच उठून दिवा बंद केला.

डॉक्टरांनी पोट तपासलं, एक गोड औषध दिलं आणि म्हणाले, "आजार काही नाही. ती धरून ठेवतेय. घरात काही बदल?"

"तिची आई नोकरीला लागली."

"हां," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटची घंटा वाजवली.

आईचं मत वेगळं होतं. "तो हत्तीच फेका आधी. आम्ही पायावर बसवायचो लेकराला. दोन पाय लांब केले की झालं. कुठला हत्ती अन् कुठला घोडा." तिनं पाय लांब करून दाखवले. गुडघा वाजला. नंदू तिच्या पायांवर बसली, घसरगुंडीसारखी घसरली आणि परत चढली. दुपार मजेत गेली. बाकी काही गेलं नाही. डायपर परत आले.

सुलेखाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. लग्नाआधी आम्ही फोनवर इतकं बोलायचो की तिच्या होस्टेलवरच्या मुली वैतागायच्या. आता सगळं संभाषण असं:

"झाली का?"

"नाही."

"औषध दिलं?"

"दिलं."

"पोट कडक आहे का बघ. डाव्या बाजूला. वासराचं बघतो तसं नाही, हलक्या हातानं."

मला बरंच काही सांगायचं असायचं. चहा दोघांचा टाकतो आणि मग एक कप आईला दुसऱ्यांदा प्यावा लागतो, हे. तिच्या बाजूची उशी नंदूनं पळवली, तिला आपला फ्रॉक घातला आणि मी परत आणून ठेवली, हे. पण "झाली का" या प्रश्नानंतर उशीचा विषय काढता येत नाही. मग मी म्हणायचो, "तिकडं गरम आहे का?" ती म्हणायची, "घाटाकडून वारं येतं." आणि फोन ठेवायची. घाटाकडून वारं येतं, हे वाक्य मी बरेच दिवस पुरवून वापरलं.

एका बुधवारी तिचा आवाज वेगळा होता.

"विशू, ऐक. मी सोडते नोकरी."

आईसमोर ती मला अहो म्हणते. विशू म्हणजे खोलीत एकटी होती.

"एवढ्यासाठी?"

"एवढंसं नाहीये ते. लेकरू आठ-आठ दिवस पोट धरून बसतंय आणि मी दुसऱ्यांच्या म्हशींचं बघत फिरतेय. शनिवारी येते. सोमवारी जाणार नाही. राजीनामा पोस्टानं देता येतो."

"घाई करू नकोस," मी म्हणालो. हा आवाज मी समितीच्या बैठकीत वापरतो.

"मी करतच नाहीये घाई," ती म्हणाली. "मी खूप दिवस हेच करतेय, घाई न करणं."

फोन ठेवल्यावर मी कपाटातला तिचा कप्पा पुसला. तिथं मी माझे पेपर ठेवले होते, ते काढून सोफ्यावर टाकले. मग लक्षात आलं की मी शीळ घालतोय. त्या नोकरीसाठी तिनं किती वर्षं अभ्यास केला, हे मला माहीत होतं. तिच्या चहाची कपबशी मीच रात्री-अपरात्री टेबलावर नेऊन ठेवायचो. तरी शीळ थांबेना. नंदूच्या पोटाची काळजी होतीच, तिच्याबद्दल कुणाला शंका नको. पण ती काळजी आणि ही शीळ एकाच माणसात शेजारी शेजारी राहत होती, फ्लॅट सिस्टिमसारखी.

शुक्रवारी माझा एकही तास नव्हता. म्हणजे मी गृहस्थ होतो. हॉल पुसत होतो. बाथरूमचं दार अर्धवट लोटलेलं, आत नंदूचा आवाज.

सुलेखानं कन्नडच्या बाजारातून तिला एक कापडी गाय आणली होती. नंदूनं त्या गायीला हत्तीवर बसवलं होतं. स्वतः पालथ्या बादलीवर बसली होती. आणि माझ्या आवाजात, माझ्या त्या मोठ्या, खोट्या, सोमवारच्या आवाजात ती म्हणत होती:

"मग हत्ती काय म्हनाला? मग हत्ती काय म्हनाला?"

मग ती गप्प झाली. मान तिरकी केली. कान दाराकडे लावला. मी कान लावायचो, अगदी तसा. आणि एकदम उठून तिनं गायीचं शिंग धरलं आणि तिला ओढून खाली काढलं.

"ऊठ. बशू नको. ऊठ ना." गायीला छातीशी धरून ती म्हणाली, "बशलं की आई जाते."

माझ्या हातात ओलं फडकं होतं. ते मी बराच वेळ पिळत राहिलो.

म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं. चेन, कडी, जिना, गिअर. आणि तिनं हिशोब लावला होता, जो आम्हा तिघा शहाण्यांना लागला नव्हता. आपण हत्तीवर बसतो, बाबा ओरडायला लागतो, आणि बाहेर येऊन बघावं तर आई नसते. मग आपण बसलोच नाही तर? धरून ठेवलं तर? ती पोटात शी धरून ठेवत नव्हती. आईला धरून ठेवत होती.

आता कारण मला कळलं होतं आणि उपायही त्यातच होता. सुलेखाला सांगायचं, सोमवारी उघड जा, सांगून जा. नंदू रडेल, पण हत्तीवरचा आरोप उतरेल. मग राजीनाम्याची गरज नाही. मग सुलेखा सोमवारी जाईल, पुढच्याही सोमवारी जाईल, कायम जाईल. कायम हा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळला.

मी फडकं वाळत घातलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

शनिवारी सुलेखा आली. अंगाला एसटीचा, फिनाइलचा आणि गोठ्याचा वास. नंदू तिच्या मांडीवर चढली ती रविवारी दुपारीही तिथंच होती. घरात एक विचित्र सुटी पसरली होती. मी मटण आणलं. काकासाहेबांना स्वतःहून नमस्कार केला.

रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना आई म्हणाली, "सुलेखा नोकरी सोडू राह्यली म्हणं."

"व्हय."

"लई कष्टानं लागली व्हती."

"व्हय."

"अन् तू?"

"मी काय?"

"तू लई खूश दिसू राह्यला." तिनं चादर झटकली, तिचं पाणी माझ्या तोंडावर उडालं. "चिमटा दे."

मी चिमटा दिला.

दुपारी जेवणं झाल्यावर सुलेखाचा फोन वाजला. तिकडचा कुणी शेतकरी. गाय अडली होती. त्याचा आवाज इतका मोठा की फोन स्पीकरवर असल्यासारखा. नंदूला मांडीवर तसंच ठेवून सुलेखा भिंतीला टेकून ताठ बसली.

"दादा, आधी मला सांगा, काय दिसतंय?"

"पाय दिसू राह्यले ताई. ओढू का? चार माणसं हायेत."

"माणसं बाजूला करा. पुढचे पाय आहेत का? मध्ये नाक दिसतंय?"

"हां हां. नाक हाये. जीभ भायेर हाये."

"मग सगळं बरोबर आहे. ओढायचं नाही. हात धुवा. ती जोर देईल तेव्हाच हलकं धरायचं, खालच्या बाजूला. ती थांबली की तुम्ही थांबायचं. फोन चालू ठेवा. मी आहे इथं."

मी आहे इथं, असं ती म्हणाली, आमच्या हॉलमध्ये बसून, आणि ती तिथं नव्हतीच. ती साठ किलोमीटर लांब एका गोठ्यात होती. डोळे भिंतीवर, एक हात नंदूच्या पाठीवरून संथ फिरतोय. फोनमधून धापा ऐकू येत होत्या. गायीच्या की माणसाच्या, मला कळेना. आई दारात उभी राहिली. मी पंखा बंद केला, का ते माहीत नाही. सुलेखा मधूनच म्हणायची, "थांबा. थांबा. आता."

मग तिकडं एकदम गलका झाला. "आली ताई. कालवड हाये. उभी राहू राह्यली."

सुलेखा हसली. हे हसू मी तिच्या तोंडावर निकालाच्या दिवशी बघितलं होतं. त्यानंतर मी ते इतके दिवस बघितलं नव्हतं, कारण ते तिकडं, घाटाच्या पायथ्याशी रोज हसलं जात होतं आणि इकडं फक्त "झाली का" येत होतं.

नंदूनं फोनच्या काचेवर थाप मारली. "शाब्बास," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. सुलेखा मागून आली. गॅसकडे बघत मी तिला कापडी गायीची गोष्ट सांगितली. बादली, मान, कान, बशलं की आई जाते, सगळी.

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "मी चपला हातात घेऊन जायचे. चोरासारखी."

"मी ओरडायचो. चोराच्या साथीदारासारखा."

"कधी कळलं तुला हे?"

"शुक्रवारी."

"आज रविवार आहे."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

चहा वर आला. मी गॅस बारीक केला. "वाटलं, राहशील."

तिनं साखरेचा डबा उघडला, चहात साखर टाकली. मग पुन्हा टाकली. "मलापण तसंच वाटत होतं," ती म्हणाली, "बुधवारपासून." तो चहा कुणालाच पिववला नसता, पण आम्ही दोघांनी संपवला.

सोमवारी पहाटे हत्तीला बाथरूममध्ये एकटं सोडलं. नंदूला सुलेखानं स्वतः उठवलं, तोंड धुतलं, समोर बसवलं.

"नंदू, मी आता गाडीत बसून जाणार. हम्माला औषध द्यायला. मग शनिवारी येणार."

"नाय," नंदू म्हणाली.

"शनिवारी येणार."

"नाय."

वाटाघाटी इथंच संपल्या. दारात सुलेखा चपला घालता घालता आईला म्हणाली, "बरं, जाते मी."

"जाते म्हणू नये," आई म्हणाली. "इतके दिवस काहीच म्हणत नव्हती, तर आता नीट म्हण."

सुलेखा थांबली. आईकडे, मग नंदूकडे वळून म्हणाली, "येते."

आम्ही तिघं खाली गेलो. रस्त्यावर ट्रक आणि दुधाच्या गाड्या. दौलताबादकडे अजून नीट उजाडलं नव्हतं. गाडी नेहमीसारखी थोडी पुढं जाऊन थांबली, सुलेखाला पिशवी घेऊन पळावं लागलं. कंडक्टर ओरडला, "चला मॅडम, रोजचंच आहे." नंदूनं हंबरडा फोडला. सुलेखा खिडकीत बसली, हात बाहेर काढून काहीतरी बोलली. ते इंजिनात बुडालं, पण ओठांवरून मला कळलं.

मग गाडी वळताना तिनं तोंड आत घेतलं आणि ओढणी डोळ्यांना लावली. घाईघाईनं नाही, सवयीनं. मी बादलीवर बसून हत्तीला बोलतं ठेवत होतो, त्या प्रत्येक सोमवारी ही गाडी या वळणावर अशीच वळली असणार.

खांद्याला गरम लागलं. नंदूनं रडता रडता डोळ्यानाकानं शर्ट भिजवला होता. खांद्यापासून खिशापर्यंत. मी तिला खाली ठेवलं नाही. ओल गार होईपर्यंत दोघं तिथंच उभे राहिलो. वर आलो तेव्हा आईनं बघितलं आणि टॉवेल दिला.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. संध्याकाळच्या फोनवर सुलेखानं विचारलं, मी नाही म्हणालो, आणि मग पहिल्यांदा उशीचं सांगितलं. ती म्हणाली, "माझी उशी? फ्रॉक घातलेली?" मी म्हणालो, हो, टोपीसुद्धा. फोन बराच वेळ चालला.

मग एका दुपारी बाथरूममधून घासत घासत काहीतरी ओढल्याचा आवाज आला. नंदू हत्तीला कान धरून ओढत हॉलमधून चालली होती. थेट बाहेरच्या दारापर्यंत. हत्ती उंबऱ्याला लावून तिनं दारावर हात मारला.

"उघड."

मी दार उघडलं. आमच्या दारासमोर जिन्याची जाळी आहे, जाळीतून खालचा रस्ता दिसतो. नंदूनं ते बघून घेतलं. डायपर काढायला लावला. हत्तीवर बसली, दोन्ही कान धरले. मी तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "गोष्ट नको."

मी उंबऱ्यावर बसलो. आईला उंबऱ्यावर बसलेलं चालत नाही. ती आली, बघितलं, आणि आली तशी परत गेली.

रस्त्यावरून एक लाल गाडी गेली.

"आई?"

"नाही. ही दुसरी."

"आई येते."

"शनिवारी."

तिनं यावर विचार केला. समोरचं दार उघडून काकासाहेब बाहेर आले, हातात पिशवी. त्यांनी परिस्थिती बघितली, पिशवी पाठीमागं धरली आणि आवाज न करता जिना उतरून गेले. माणूस निवृत्त असला तरी गाडी मार्गस्थ होताना मध्ये उभं राहू नये हे विसरला नव्हता. नंदूचं तोंड लाल झालं. मुठी कानांवर आवळल्या. मग सैल झाल्या.

ती उठली, मागं वळून बघितलं, हत्तीच्या चिकट डोळ्यांवर थाप मारली. "शाब्बास." मग माझ्याकडे बघितलं आणि माझ्याही डोक्यावर एक मारली.

हत्ती तेव्हापासून बाहेरच्या दाराशीच आहे. आत न्यायचा प्रयत्न करून बघितला, चालला नाही. पाहुणे त्याला वळसा घालून येतात. पाण्याचे पैसे न्यायला आलेल्या टँकरवाल्यानं एकदा त्याच्या पाया पडल्यासारखं केलं. अजून कधीकधी चादर भिजते, विशेषतः सोमवारी, आणि आम्ही ती पाणी येईल त्या दिवसासाठी बाजूला ठेवतो. शनिवारी सुलेखा आली की तिला हत्ती सरकवल्याशिवाय घरात शिरता येत नाही. सोमवारी ती दारात उभी राहून येते म्हणते, चपला पायात घालून, कडी हवी तेवढी वाजवून. नंदू आता कधी रडते, कधी नाही. गाडी वळेपर्यंत आम्ही जाळीतून बघतो. नंतरही तिथंच बसतो, रस्त्याकडे तोंड करून, ती हत्तीवर आणि मी उंबऱ्यावर.